बांधलेली मूठ

तांब्या भरलेलाच होता. सकाळी उकळून, निववून, दुहेरी कापडातून गाळलेलं पाणी प्रेमाबाईनं त्यात काठोकाठ भरलं होतं, वर फुलपात्र उपडं घातलं होतं आणि तो बैठकीच्या खोलीत नवऱ्याच्या गादीशेजारी ठेवला होता. आता ऊन भिंतीवरून उतरायला लागलं तरी पाणी काठाशी तसंच होतं. फुलपात्रावर धूळ बसली होती आणि त्या धुळीवर कुणाचं बोट उठलेलं नव्हतं. वैशाख होता. रस्त्यावरची कुत्री नालीत पोट टेकून पडत होती, पाखरं चोच उघडी ठेवून बसत होती, आणि घरातला माणूस सकाळपासून पाण्याला शिवला नव्हता. विचारावं, असं तिच्या मनात आलं. ओठ हललेसुद्धा. पण दिवस होता, आणि दिवसा तिला मौन होतं. तिनं तांब्या उचलून त्यांच्यापुढे धरला, भुवया वर केल्या. दुलीचंद शेठांनी मांडीवरच्या लुगड्याची घडी सारखी केली आणि हसून म्हटलं, “घेतो न.” तांब्या मात्र हातात घेतला नाही. डावा हात लुगड्यावर फिरत होता. उजवा मांडीशी होता, मिटलेला.

दिवसाच्या उजेडात तिनं नवऱ्याला असं कधी पाहिलंच नव्हतं. हा विचार टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात तिला आला होता आणि त्यानं ती चपापली होती. लग्न होऊन ती वाशीमला आली तेव्हापासून हा माणूस सकाळचं दूध घेऊन चौकातल्या कापड दुकानात जायचा, दोन्ही वेळचे डबे तिथंच खायचा, संध्याकाळचाही, कारण दिवस मावळल्यावर अन्नपाणी वर्ज्य, आणि दिवेलागण झाल्यावर परत यायचा. ती त्यांना ओळखत होती ते ट्यूबलाइटखाली. तिच्या हिशेबी त्यांचा चेहरा किंचित निळसर होता, थकलेला, शांत. आता खिडकीतल्या उन्हात बसलेला हा माणूस वेगळा होता. याच्या कानांवर केस होते. याच्या मानेला एक तीळ होता, जो तिला ठाऊक नव्हता. हा दिवसभर घरात असायचा आणि काय करावं हे याला कळत नव्हतं. दुकान बंद झालं त्या दिवशी नमननं पुण्याहून फोनवर हसत सांगितलं होतं, बाबांना आयुष्यात पहिल्यांदा सुटी मिळाली, आता आराम करू द्या. आराम म्हणजे काय करायचं असतं, हे मात्र त्यानं सांगितलं नाही. पहिले काही दिवस ते अंघोळ करून, टोपी घालून, दुकानाच्या किल्ल्या खिशात टाकून दाराशी जात, कडीला हात लावून उभे राहत, मग परत येऊन बसत. पुढं त्यांनी तिचं कपाट उघडलं. लुगडी, शालू, नमनच्या लग्नातली पातळं, सगळी गादीवर घेतली आणि एकेक उलगडून, हाताच्या झोळीवर झेलून, पुन्हा घडी घालायला सुरुवात केली. गिऱ्हाईक समोर असल्यासारखं. संध्याकाळी कपाट लागलेलं असायचं, सकाळी पुन्हा उघडायचं. दिवसातून कितीदा तरी ते दाराकडं बघून म्हणायचे, “किशन आला काय?” किशन हा दुकानातला माणूस, केनवडचा, त्यांच्याच वयाचा, गाड्या बंद व्हायच्या आत गावी निघून गेलेला. पहिल्यांदा तिनं सांगितलं, किशन गावाले गेला. दुसऱ्यांदाही सांगितलं. पुढं पुढं ती सांगता सांगता त्यांच्याकडं बघत राहायची. आणि मग ती स्वयंपाकघरात निघून यायची, जणू तिथं दुधावर लक्ष द्यायचं होतं.

मौन तिनं त्याच सुमारास घेतलं. जैन स्थानकाला कुलूप लागलं त्या दिवशी. साध्वी महासतीजी आधीच पायी विहार करून जवळच्या मालेगावच्या दिशेनं गेल्या होत्या, व्याख्यान नव्हतं, चार बायकांनी एकत्र बसायचं नव्हतं. प्रेमाबाई बंद दाराला नमस्कार करून परत आली तेव्हा गल्लीत सगळ्यांची तोंडं बांधलेली होती. तिला वाटलं, जगभर मुहपत्ती बांधली गेली. आपल्या श्वासानं कुणी मरू नये म्हणून आमचे साधू बांधत आले, आता तोच धाक साऱ्यांना बसला. यात आनंद मानावा की भ्यावं तिला कळेना. त्याच रात्री तिनं मनाशी नियम बांधला: स्थानकाचं दार उघडेपर्यंत, सूर्य असेतो बोलायचं नाही. नवकार मंत्रसुद्धा मनातच. आयुष्यभर छोटे छोटे नियम तिनं असेच बांधले आणि पाळले होते, कुणाला न सांगता, आणि घर त्या बारीक दोऱ्यांवर तोललेलं आहे असं तिला खरंच वाटे. नमनला टायफॉइड झाला तेव्हा, दुकानाशेजारी आग लागली तेव्हा. आता तर साऱ्या गावाचं दार लागलं होतं, मग आपलं तोंड उघडं का? त्या नियमात आणखी एक सोय होती. दाराकडं बघून विचारलेल्या त्या प्रश्नाला दिवसा उत्तर द्यावं लागणार नव्हतं. ही सोय आधी मनात आली की नियम आधी, हे तिनं तपासून पाहिलं नाही.

शेठांनी तक्रार केली नाही. खुणांनी चालायला लागलं. फक्त एकदा, दिवा लागल्यावर, ती बोलती झाल्यावर, ते गादीवर पडल्या पडल्या म्हणाले होते, “तुमी पहिले मोठ्यानं म्हनत होत्या, ते बरं वाटे.” काय म्हणत होते ते तिला लगेच कळलं होतं. सकाळी दूध घेण्याआधी दोघं चटईवर बसत, उजवी मूठ चटईला टेकवत आणि नवकार म्हणत, मग मूठ सोडून दूध घेत. ती मोठ्यानं म्हणायची, त्यांचे नुसते ओठ हलायचे. घरातली ही जुनी रीत. खाणंपिणं झालं की मनानं मूठ बांधायची, म्हणजे पुन्हा अन्नपाणी बंद; आणि पुन्हा घ्यायचं तेव्हा मूठ टेकवून, नवकार म्हणून, सोडायची. मधला सारा वेळ आपोआप उपवासाचा होतो. मूठ नुसती सोडायच्या वेळी मिटायची असते, दिवसभर आवळून धरायची नसते. त्या रात्री त्यांचं बोलणं ऐकून ती लाजली होती. या वयात नवऱ्यानं आवाजाचं कौतुक केलं म्हणून. आरशापुढं पदर सारखा केला होता.

आणि आता त्यांची मूठ दिवसभर मिटलेली असायची. ते तिनं पाहिलं होतं. कधीपासून ते सांगता आलं नसतं. झोपेतही अंगठा आत, बोटं वर, बांगडीवालीसमोर हात चोरणाऱ्या पोरीसारखी. डाव्या हातानं लुगडी उलगडायचे, डाव्या हातानं ताट उचलायचे. कारण ताटही ते हल्ली उचलून मागच्या पडवीत नेत; तिथं वारा असतो म्हणाले. ती वाढून परत गॅसपाशी यायची. ताट रिकामं होऊन मोरीत यायचं. ते रिकामं ताट पाहून तिला समाधान वाटायचं.

ती तांब्या खाली ठेवून पडवीत आली. ऊन अजून विटांतून उठत होतं. मागच्या भिंतीपलीकडं गोमतीबाईचं घर, पत्र्याचं, पुढं दोन शेळ्या. भिंतीवर शेळीचे पुढचे दोन पाय टेकलेले होते आणि मधे तिचं तोंड, वाट बघत असल्यासारखं. प्रेमाबाईला पाहून शेळीनं कान हलवले आणि नजर तिच्या हाताकडं नेली. तेवढ्यात शेळीला बाजूला सारून गोमतीबाईच वर आली. तोंडाला फाटक्या लुगड्याचा बोळा बांधला होता, तो हनुवटीवर उतरला होता, डोळे लाल होते, उन्हानं असतील. हातात स्टीलचं ताट होतं. ताटावर शेठांचं नाव कोरलेलं.

“घ्या शेठानीबाई, तुमचं भांडं. काल शेठजी पोयीसंगं ताटही इकडंच टाकून गेले,” ती म्हणाली आणि खोकली, आणि खोकता खोकता हसली. “लय लाड करून राह्यले तुमी माह्या बकरीचे. तुमच्या घरचे तुपाचे फुलके खाऊन ते आता कडबा पाहून तोंड फिरवते. उद्याच्याले मी काय खाऊ घालू तिले? का तुमच्याच घरी आनून बांधू?”

प्रेमाबाईनं ताट घेतलं. तोंडात शब्द आला आणि दातांपाशी थांबला. गोमतीबाईनं तिच्याकडं पाहिलं, मौनाचं आठवलं असावं, हात हलवून म्हणाली, राहू द्या, राहू द्या, तुमचा उपास तोंडाचाही हाय. आणि पुन्हा खोकत खाली उतरली. शेळीचं तोंड पुन्हा भिंतीवर आलं. ताटाच्या काठाला वाळलेल्या वरणाचा ठिपका होता. तो ती नखानं खरवडत राहिली. काल दुपारचं वरण. परवाच्या आमटीत कैरी होती, तीही गेली असेल. त्याआधीची? तिला एकेक ताट डोळ्यांपुढं आलं, वाफेचं, नीट वाढलेलं, आणि प्रत्येक ताट भिंतीवरून पलीकडं कलंडत गेलं. घसा एकाएकी कोरडा पडला. दिवसभर न बोललेल्या घशाला असं होतंच, तिनं पदरानं ओठ पुसले, त्याच हातानं.

आत ते तसेच होते. तिनं ताट पुढं धरलं, बोटानं भिंतीकडं दाखवलं, मग पोटाकडं. त्यांना कळलं. चेहऱ्यावर जे आलं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. चोरी पकडली गेलेल्या मुलाच्या तोंडावर येतं तसं काही, पण त्यात रागही होता. “पोट जड हाय,” ते म्हणाले. ओठ चिकटले होते, शब्द सुटताना आवाज झाला. जिभेवर पांढरं होतं. सकाळपासून ते मोरीकडं गेले नव्हते हे तिला त्याच क्षणी आठवलं. काल दुपारी गेले होते का? तिनं फुलपात्र भरून त्यांच्या डाव्या हातात दिलं, हात धरून तोंडापर्यंत नेला. त्यांनी मान मागं घेतली. पाणी लुगड्यावर सांडलं आणि ते ओला डाग पुसत बसले, गिऱ्हाईकाचा माल खराब झाल्यासारखे, हळहळत. बाहेर नगरपालिकेची गाडी ओरडत गेली, कामाशिवाय घराबाहेर पडू नका. ऊन भिंतीवरून गेलं. तिला अजूनही कळलं नव्हतं. कळलं असतं तर तेव्हा अजून दिवस होता, थोडा का होईना.

सूर्य पाण्याच्या टाकीमागं बुडला आणि तिचं तोंड मोकळं झालं, आणि त्याच क्षणी त्यांचं बंद झालं. रोज असंच होत होतं. ती बोलायला लागायची तेव्हा त्यांचं अन्नपाणी संपलेलं असायचं. हे दोन नियम एकमेकांशेजारी असे बसले आहेत याकडं तिचं लक्ष कधी गेलं नव्हतं. फोन वाजला. किशन होता. चार-आठ दिवसांनी तो केनवडहून फोन करायचा, नांगरटीचं, पाहुण्यांचं सांगायचं सोडून आधी एकच विचारायचा.

“बाई, शेटजी जेवले काय?”

“तू दर वेळी हेच काहून विचारतं रे किशन?” तिनं म्हटलं. आवाज तिलाच परका वाटला, घासलेला.

पलीकडं बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. मग किशन म्हणाला, तुमाले मालूम असन असं वाटलं मले. काय मालूम असन, तिनं विचारलं. तो अडखळत सांगत गेला आणि ती खांबाला टेकून ऐकत गेली. मागच्याच्या मागच्या दिवाळीपासूनची गोष्ट. दुपारी डबा उघडायचा, शेठ गादीवर मूठ टेकवायचे आणि तसेच राहायचे. आधी किशनला वाटलं, ध्यान करतात. भाजी थंड व्हायची, गिऱ्हाईक खोळंबायचं. मग त्यानं पाहिलं की कपाळाला घाम येतो, ओठ सुरुवात करतात आणि पुढं जात नाहीत, पुन्हा सुरुवात करतात. दोन ओळी येतात, तिसरी येत नाही. एकदा डबा तसाच झाकून ठेवला त्यांनी, दिवसभर उपाशी. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

“मंग मीच म्हनायले लागलो बाई. इतकी वर्सं ऐकून ऐकून मले पाठ झालं होतं. कापडाचं थान गुंडायता गुंडायता म्हनो, त्याईकडं न पाहता. मी म्हनो, मंग ते म्हनत. त्याईले लाज वाटू नये म्हनून मी कवा त्या गोष्टीचं नाव काढलं नाई.” त्यानं आवाज खाली आणला. “आन मले मनात भेवही होता, मी परजातीचा, माह्या तोंडचं चालते का नाई. घरी तर तुमी हाच. तुमी मोठ्यानंच म्हनत असान न?”

दिवस बुडला होता, बोलायची मोकळीक होती, आणि ती काही बोलली नाही. रोज संध्याकाळी किशन त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला यायचा ते तिला आठवलं. दारात उभी राहून ती बघायची. किशन तिथं थांबायचा, शेठ दारापर्यंत पोचले की मागं फिरायचा. तिला वाटे, याला काही उसनं हवं असेल, मालकाची मर्जी सांभाळतो. तो रस्ता सांभाळत होता. आणि सकाळी, चटईवर, तिच्या आवाजाला धरून हा माणूस दुधापर्यंत पोचत होता, काठ धरून विहिरीत उतरावं तसा. तो आवाज तिनं काढून घेतला होता. पुण्य म्हणून. एखाद्या सकाळी जमलं असेल, त्या दिवशी पाणी मिळालं असेल. एखाद्या सकाळी नसेल. ती समोर बसून मनातल्या मनात म्हणत होती, मूठ सोडत होती, दूध पीत होती, डोळे मिटून. त्यांचा पेला ते उचलून खिडकीशी नेत होते. खिडकीखाली मांजर होतं.

ती त्यांच्यापाशी बसली. “अवो, पानी घेतलं नाई तुमी आज.”

त्यांनी खिडकीकडं पाहिलं. “दिवस बुडला न वो.”

“औषध म्हनून दोन घोट घ्या. मी नवकार म्हनतो, तुमी माह्यासंगं म्हना.”

“आता नाई. दिवस बुडल्यावर मूठ सोडत नाईत.” तेवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, बाकीचं सगळं झिजलं होतं आणि हे दगडासारखं वर राहिलं होतं.

“काल सुटली होती काय?”

त्यांनी दाराकडं पाहिलं. मग म्हणाले, “काल किशन नव्हता.”

नमनला तिनं फोन लावला. तो घाबरला, मग चिडला, मग म्हणाला, पाससाठी रात्रीच अर्ज करतो, पण मिळायला दिवस लागतील. सलाईन लावायला नेलं तर दवाखान्यात आधी तपासणी करतात, निकाल येईपर्यंत वेगळं ठेवतात, जवळ कुणाला थांबू देत नाहीत. जबरदस्तीनं पाजा आई. ती हो म्हणाली. जबरदस्तीनं म्हणजे कसं, हे त्याच्याही डोळ्यांपुढं नसावं. वेगळी खोली तिच्या डोळ्यांपुढं आली, लोखंडी खाट, तोंड बांधलेली परकी माणसं, आणि मूठ आवळून बसलेला हा माणूस, दाराकडं बघत किशन आला काय विचारणारा, आणि प्रत्येक पेल्यापुढं मान मागं घेणारा. तिनं धोतराचं जुनं पान ओलं करून त्यांच्या कपाळावर ठेवलं, मानेवर फिरवलं. ओठांजवळ नेलं तसे त्यांनी ओठ आत ओढून घट्ट दाबले. एक थेंबही आत जाऊ नये म्हणून. झोपेतही ते तसेच दाबलेले राहिले.

पहाट झाली तेव्हा त्यांचे डोळे खोल गेले होते. हाक मारली की उघडायचे आणि कुठंतरी तिच्या मागं बघायचे. पूर्वेकडं आभाळाची कडा पांढरी झाली. अजून ती बोलू शकत होती. पण सूर्य उगवून दोन घडी झाल्याशिवाय मूठ सुटणार नव्हती, आणि सूर्य उगवला की तिचं मौन सुरू. यातून वाट नव्हती. स्थानकाला कुलूप होतं, महासतीजी कुठल्या गावात अडकल्या होत्या कुणास ठाऊक, गावात धर्म म्हणून काही चालू राहिलं असेल तर ते आपल्या मिटल्या तोंडात, असं तिला वाटत आलं होतं. तो दोरा तोडला तर काय काय खाली येईल? सूर्य उगवला तशी तिनं सामायिकाची, रोजच्या दोन घडींच्या ध्यानाची, वाळूची घडी उलटी करून त्यांच्या उशाशी ठेवली. वाळू पडायला लागली. किती सावकाश पडते ती. तेवढ्यात मागून ठोकण्याचा आवाज आला, बांबूवर बांबू. कुणी घरातल्या माणसांना मोठ्या आवाजात सांगत होतं, आतच राहा, सामान दारात ठेवू. प्रेमाबाई पडवीत गेली. भिंतीपलीकडं गोमतीबाईच्या दारापुढं आडवे बांबू बांधत होते, पायांपासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं. गोमतीबाईला रात्रीच दवाखान्यात नेलं होतं. शेळ्या ओरडत होत्या. एकीनं भिंतीवर पाय टेकले आणि प्रेमाबाईच्या हातांकडं पाहिलं.

ताट. ती ताटाकडं वळली. घासून पालथं घातलेलं, चकचकीत, त्यांचं नाव वर आलेलं. त्या ताटावरून हात, हातावरून पदर, पदरावरून ओठ; आणि त्याआधीही भिंतीपाशी कितीदा समोरासमोर. कालपासून घशात जे खवखवत होतं ते उठल्यावर गेलेलं नव्हतं. मौनाचा घसा, तिनं स्वतःला सांगितलं. इतक्या दिवसांत असा कधी खवखवला नव्हता हेही तिला ठाऊक होतं. गॅसवर दूध तापत होतं. ती वाकून त्याचा वास घ्यायला गेली, घेतला, आला की नाही ठरवता येईना. पुन्हा वाकली नाही.

वाळू संपली. खोलीत ऊन आलं होतं. तिनं चटई पसरली, त्यांच्या पाठीखाली हात घालून त्यांना बसवलं, ते उशीसारखे हलके होते. उजवी मूठ धरून चटईला टेकवली, शेजारी आपली टेकवली. तोंड उघडलं. आवाज आला नाही. ओठांवर ऊन जाणवलं, जणू उघड्या जखमेवर पडावं तसं. मग पहिलं पद आलं, चिरकं, आणि भिंतींनी ते ऐकलं. काही कोसळलं नाही. ते मात्र हलले नाहीत. तिनं पुन्हा तेच पद म्हटलं. त्यांची नजर तिच्या मागून तिच्या तोंडावर आली आणि तिथं थांबली. ओठ सुटले. त्यांनी तेच पद उचललं, कोरड्या कुजबुजीत. दुसरं. तेही. प्रत्येक पदानंतर ती थांबत होती, ते येईपर्यंत. तिसऱ्यापाशी ते अडले, चाचपडले, ती पुढं म्हणून गेली नाही, तेच धरून राहिली, आणि ते आले. चौथ्याला तिच्या घशातलं ते एकाएकी वर आलं. खोकला. एक, मग थांबेना. तिनं मान फिरवली. परत वळली तेव्हा ते अर्ध्या पदावर तसेच होते, तोंड उघडं, मागं नाही पुढं नाही, जिन्यावर दिवा गेल्यावर माणूस थांबतो तसे. डोळ्यांत भीती होती. तिनं आवंढा गिळला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

शेवटचं पद झालं. बोटं आपोआप सुटली नाहीत; तिला एकेक उघडावी लागली. तळव्यात नखांच्या चार चंद्रकोरी होत्या, रक्त वाळून काळं झालेलं. तिनं चमच्यानं पाणी घातलं. पहिला चमचा ओठांवरच जिरला. दुसरा आत गेला, गळ्याची घाटी वर आली, खाली गेली. तो आवाज तिनं ऐकला आणि ती चमचा भरत राहिली. पाव तांब्या गेला. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू माणूस परत आला. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, ओळखीचं हसले, फुलपात्र डाव्या हातानं बाजूला ठेवलं, आणि पाणी झालं म्हणून, रीत म्हणून, तळवा पुन्हा मिटला. अंगठा आत, बोटं वर. मूठ त्यांनी मांडीशी नेली.

“आणखी लागन पानी,” ती म्हणाली. “थोड्या वेळानं पुन्हा घेऊ.”

त्यांनी मान डोलावली आणि लगेच मूठ चटईला टेकवली. तहान मोठी होती. ते तिच्या तोंडाकडं बघत बसले, तयार. तिनं श्वास घेतला आणि तो अर्ध्यावर घशात अडकून पुन्हा खोकला आला, आतून, छातीतून, कालच्यापेक्षा खोल. भिंतीपलीकडं बांबूवर शेवटचा दोर आवळत होते. तिनं झटकन पदर ओढून नाकातोंडावर धरला, मागं सरकली, खोलीच्या दारापर्यंत, आणि तिथून, पदराआडून, पहिलं पद म्हटलं. ते वाट बघत राहिले. तिनं आणखी मोठ्यानं म्हटलं. त्यांनी मान पुढं काढली, डोळे बारीक केले, पदराच्या कापडाकडं पारखल्यासारखं पाहिलं, आणि मिटलेला हात तिच्या दिशेनं पुढं केला.

“तोंड झाकू नका, नमनची आई,” ते म्हणाले. “जवळ येऊन म्हना. दिसलं नाई की मले सापडत नाई.”